अर्लीनच्या नावचं हरीण

ते कार्ड पोस्टातून आलं मंगळवारी. अर्लीनला पुरून तेरा दिवस झाले होते. मी कारखान्यातून आलो, जिन्याखालची आमची पेटी उघडली, तर विजेच्या बिलाखाली पिवळं कार्ड. वर ठळक अक्षरांत ‘अभिनंदन’. खाली लिहिलेलं की यंदाच्या हंगामात अर्लीन प्रोहास्का यांना एक मादी हरीण मारायला परवानगी आहे. नराचं काही नसतं, परवाना विकत घेतला की झालं. मादीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, सोडत निघते, आणि गेली तीन वर्षं आमच्या दोघांपैकी कोणाचंच नाव निघालं नव्हतं. मी ते दोनदा वाचलं आणि पेटीच्या पत्र्यावर लाथ घातली. पत्रा आत गेला. खालच्या मिसेस कोवाल यांनी साखळी न काढता दार फटीएवढं उघडलं. “नॉर्बर्ट, पडलास का रे?” “नाही.” “आवाज केवढा झाला.” “पेटी जाम झाली होती.” “ओव्हनमध्ये नूडल्स भाजून ठेवलेत तुझ्यासाठी. भांड्याची घाई नाही.” “मला नूडल्स नकोत,” मी म्हणालो, “कोणाचेच नकोत. वर सात भांडी पडलीत नूडल्सची. माणूस मेलं की तुम्हा सगळ्यांना नूडल्स कसे सुचतात?” त्यांनी दार लावून घेतलं. म्हातारी चांगली होती, अर्लीनला दवाखान्यात न्यायला दोनदा तिनंच गाडी काढली होती. तरी मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला जी जागा लागते ती त्या दिवसांत माझ्याकडे शिल्लक नव्हती.

तेरा दिवसांत मी किती जणांना सांगितलं असेल की माझी बायको वारली. बँकेला सांगितलं. तिच्या बेकरीला सांगितलं. फोन कंपनीतली पोरगी म्हणाली, नंबर त्यांच्या नावावर आहे, त्यांनाच बोलू द्या. मी म्हणालो, बोलवा तुम्हीच. दाखला पाहिजे, शिक्क्याचा पाहिजे, शिक्का उठलेला पाहिजे. ती मेली हे खरं आहे की नाही याची खात्री करून घ्यायला सगळं शहर रांगेत उभं होतं, आणि प्रत्येकाला खात्री पटवायचं काम माझं. आणि हे शिकारीचं एक खातं असं निघालं की त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. तिथे कुठल्या तरी यंत्रातून तिचं नाव बाहेर पडलं होतं, जिवंत माणसाचं पडतं तसं. मी ते कार्ड खिशात घातलं. यांना मी सांगणार नव्हतो.

यंदा जायचं नाही असं मी आधी ठरवलं होतं. सप्टेंबरमध्ये तो मादीचा अर्ज आला तेव्हा तो मीच कचऱ्यात टाकला होता. अर्लीन तेव्हा कोचावर पडून असायची, पाय उशीवर. “टाकलास?” ती म्हणाली. मी म्हणालो, “या वर्षी कसली शिकार.” मग कार्ड आलं कसं, याचा मी विचार करायला हवा होता. मी केला नाही. मी चिडलेला होतो, आणि चिडलेल्या माणसाला हिशेब लागत नाही. तिचा भाऊ लायल याचा फोन आला. उत्तरेकडचा तो शिकारीचा कॅम्प, म्हणजे एक खोली, एक शेगडी, सहा बाकडी आणि भोवती चाळीस एकर झाडी, त्यांच्या वडिलांचा, आता लायलचा. “येतोयस ना?” तो म्हणाला. “येतोय. मादीचा परवाना आलाय.” “तुला?” “तिला.” तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग म्हणाला, “तो आणू नकोस, नॉर्ब. पंचाईत होईल.” “का? आमच्यात नेहमीच तिच्या नावचं मी मारतो.” “ते वेगळं होतं.” “काय वेगळं होतं?” मी म्हणालो, आणि फोन ठेवला. त्यानं काय ते तोंडानं म्हणावं अशी माझी इच्छा होती, आणि तो म्हणाला असता तर मी पाच तास गाडी चालवत जाऊन त्याच्या तोंडावर बुक्की मारली असती.

आमची पद्धत सव्वीस वर्षं एकच. मी मारायचं, तिनं साफ करायचं. मी एकोणतीस वर्षं कातडी कमावण्याच्या कारखान्यात काम करतोय, रोज शेकडो जनावरांची कातडी माझ्या हाताखालून जातात, मिठानं, चुन्यानं माझी नखं खाल्लीत. पण जनावर उघडणं मला जमलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात मी केलं, आतड्याला सुरी लागली, सगळं मांस वाया गेलं. रात्रीच्या जेवणात सासऱ्यांनी माझ्या ताटात बीन्स तेवढे वाढले. दुसऱ्या वर्षी अर्लीननं माझ्या हातातून सुरी घेतली ती घेतलीच. ती माझ्यामागे दोनशे पावलांवर, हेमलॉकच्या झाडाआड, उलट्या बादलीवर बसायची. माझी गोळी सुटली की ती खिशातून पेपरमिंट काढून तोंडात टाकायची. ती विरघळेपर्यंत कोणी हलायचं नाही. लागलेल्या हरणाच्या मागे लगेच गेलं तर ते उठून पळतं आणि मैलभर जाऊन मरतं; थोडा वेळ दिला तर जवळच आडवं होतं आणि पुन्हा उठत नाही. पेपरमिंट संपली की मी हाक मारायची, “अर्लीन, ये!” आणि ती यायची, बाह्या वर करत, सुरी घेऊन. कायद्यातही तसंच आहे. टोळीत एकाच्या नावचं हरीण दुसऱ्यानं मारलं तर चालतं, पण ज्याच्या नावचं त्यानं हाकेच्या अंतरावर असायला पाहिजे. कसलं यंत्र नाही. नुसत्या गळ्यानं मारलेली हाक ऐकू जायला पाहिजे.

पहिल्या दिवशी सकाळी मी माझ्या जागी बसलो. बर्फ घोट्याएवढा. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि उजाडल्यापासून चार वेळा बघितलं. बादली होती तिथेच, उलटी, तिच्यावर बर्फाची टोपी. कॅम्पवर सकाळी कॉफी पिताना लायलनं विचारलं होतं, “ते कार्ड?” मी म्हणालो, “खिशात.” त्याच खिशात तिचा परवाना होता, ऑगस्टमध्ये ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात तिनं दोघांचे एकदमच घेऊन ठेवले होते, त्याला जोडलेली हरणाला बांधायची चिठ्ठी होती, आणि तिची सुरी होती. सुरी आखूड, तिच्या वडिलांची, मुठीला चामड्याची पट्टी गुंडाळलेली. नऊच्या सुमारास पहिला नर आला. मोठा होता. लोक पाच-पाच वर्षं वाट बघतात असा. तो माझ्यासमोर उभा राहिला, कान हलवले, आणि मी बंदूक उचलली नाही. मला तो नको होता. मला त्याचा रागच आला, उगाच मध्ये येऊन उभा राहिल्यासारखा. अकरा वाजायला आले आणि त्या ओल्या सखल जागेकडून एक मादी आली, एकटीच, पाय उचलून उचलून, बर्फाखालचं काही तरी हुंगत. मी मारली. ती चाळीस पावलं पळाली आणि झाडीत दिसेनाशी झाली. मी डाव्या खिशात हात घातला आणि पेपरमिंट काढली. ती मी घेऊन आलो होतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं; पेट्रोल भरताना घेतली असणार. मी ती तोंडात ठेवली. चावायची नाही, हा नियम. पूर्ण विरघळली तेव्हा उठलो आणि हाक मारली.

“अर्लीन, ये!”

मुद्दाम मारली नाही. गळ्यातून आपोआप गेली, सव्वीस वर्षांच्या सवयीनं. रानात काहीच झालं नाही. एक फांदी बर्फ टाकून वर झाली एवढंच. मी तसाच उभा राहिलो, तोंडात पेपरमिंटची चव, आणि मला जो संताप आला तसा मला दवाखान्यातही आला नव्हता, थडग्याशीही आला नव्हता. शेजारच्या झाडावर मी बंदुकीचा दस्ता मारला. दोनदा. मग बंदूक झाडाला टेकवली आणि हरणाकडे गेलो, कारण ते गार व्हायच्या आत काम करायला पाहिजे होतं आणि ते करणारं दुसरं कोणी येणार नव्हतं.

आधी चिठ्ठी. तिच्यावर महिना आणि तारीख यांच्या जागी सुरीनं चीर द्यायची आणि ती कानात भोक पाडून बांधायची, हरीण जागेवरून हलवायच्या आत. मी बांधली. अर्लीन प्रोहास्का. मग डोकं चढाच्या बाजूला केलं, पाय फाकवले, मागच्या एका पायावर माझा गुडघा ठेवला. तिला करताना मी सव्वीस वर्षं पाहिलं होतं, म्हणजे पाहिलं नव्हतं. मी उभा राहून कॉफी प्यायचो आणि ती बोलत बोलत करायची. आता ते बोलणं मला आठवावं लागत होतं. शेपटीखाली गोल काप. खोल, पण आतल्या नळीला लावू नकोस, तिच्याभोवती. मग पोटावर कातडीला चिमटीत धरून उचल, छोटं भोक कर, दोन बोटं आत घाल, त्या बोटांच्या मधून सुरी, धार वर. आत बघू नकोस, बोटांकडे लक्ष दे. सुरी आतड्यावर नाही, आभाळाकडे. मी तसं केलं. कातडी उघडत गेली छातीच्या हाडापर्यंत, आणि आतून वाफ आली, माझ्या चेहऱ्यावर आली, आणि मला डॉक्टर आठवला.

तो डॉक्टर दारात उभा राहिला होता, टोपी अजून डोक्यावर. म्हणाला, आम्ही उघडलं, पाहिलं, आणि बंद केलं. सगळीकडे पसरलंय. असं म्हणाला, जसं कोणी दुकानात डोकावून यावं आणि सांगावं की आज बंद आहे. दुसऱ्या दिवशी अर्लीन शुद्धीवर आली आणि तो आला तेव्हा तिनं त्याला पहिला प्रश्न विचारला, “कुठपर्यंत कापलंत?” त्यानं बोटानं दाखवलं. ती म्हणाली, “अहो डॉक्टर, इतकं उघडलंत तर काही तरी काढायचं तरी होतंत.” आणि हसली, आणि टाके ओढले म्हणून कण्हली, आणि पुन्हा हसली. डॉक्टरला कळलं नाही हसावं की काय करावं; औषधांनी बघू, एवढंच तो आमच्यासमोर म्हणाला. मीही हसलो. मी हसलो याचा मला आज राग येतो. त्याला त्याच वेळी मानेला धरून विचारायला पाहिजे होतं की तुझ्या हातात सुरी होती, दिवे होते, सहा माणसं होती, गरम खोली होती. आणि तू काही न काढता बाहेर आलास? माझ्या बायकोनं बर्फात गुडघ्यावर बसून, नखं निळी पडलेली असताना, कधी अर्धवट काम टाकलं नाही. हे बरोबर नाही, मला माहीत आहे. हरीण वेगळं, माणूस वेगळं. मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. पण तिथे गुडघ्यावर बसलेलो असताना मला ते वेगळं दिसत नव्हतं.

लघवीची पिशवी सर्वांत वाईट. ती फुटली की संपलं. ती बोटांत हळू धरायची, नळी चिमटून ठेवायची, मग सोडवायची. ती फुग्यासारखी, गरम, भरलेली, माझ्या बोटांत होती. पहिल्या वर्षी इथे पोचायच्या आधीच मी गडबडलो होतो. मी श्वास धरून ठेवला. पाठीमागे बर्फ करकरला.

“सोड. मी करतो,” लायल म्हणाला. तो नारिंगी कोटात, बंदूक खांद्याला, धापा टाकत उभा होता. “हाक ऐकली तुझी. म्हटलं जाऊन बघावं.”

“तुला नव्हती मारली.”

“माहीत आहे मला कोणाला मारली ते.” त्यानं हातमोजे काढले. “आण ती सुरी. वाट लावशील मांसाची. जन्मात एक केलंयस, ते कुत्र्यांनीही खाल्लं नव्हतं.”

“हात लावलास तर बोट जाईल.”

“बाबा सांगायचे, नॉर्बला बंदूक द्या, सुरी देऊ नका.”

“तुझ्या बाबांनी पुष्कळ सांगितलं. गप्प बस.”

तो एका पडलेल्या झाडावर टेकला आणि कानातल्या चिठ्ठीकडे बघत राहिला. मी पिशवी सोडवली, फुटू दिली नाही, बाजूला झाडीत फेकली. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा कापला, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. मग कोट काढला, सदऱ्याच्या बाह्या खांद्यापर्यंत चढवल्या आणि दोन्ही हात आत घातले, छातीतून वर, मानेकडे, जिथे काही दिसत नाही, नुसतं लागतं. डाव्या हातानं श्वासनळी धर. उजव्या हातानं सुरी तिच्यापर्यंत ने, पातं अंगठ्याखाली झाकून. स्वतःचा हात कापलास तर मी पट्टी बांधणार नाही, आधी हरीण. आत इतकं गरम होतं. ऑक्टोबरपासून माझे हात गरम झाले नव्हते, कारखान्यातल्या वाफेच्या खोलीतही नाही, आणि इथे दोन्ही दंडांपर्यंत ते गरम होते. मला हात बाहेर काढावेसे वाटेनात. मी तिथे किती वेळ तसाच होतो मला माहीत नाही. लायल म्हणाला, “नॉर्ब.” मी नळी कापली आणि जोर लावून ओढलं, आणि सगळं एकदम बाहेर आलं, एका तुकड्यात, तिच्या हातून यायचं तसं, आणि बर्फावर पसरलं. कुठेही हिरवं नाही, कुठेही घाण नाही. हृदय आणि यकृत मी पावाच्या पिशवीत घातलं. हरीण उलटं केलं, रक्त वाहू दिलं. लायल उठून आला आणि आत वाकून बघितलं. काही तरी म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो, म्हणजे मला भांडता आलं असतं. तो म्हणाला, “दोर कुठाय?”

तिथून रस्ता पाऊण मैल. दोर मानेभोवती घेतला, पुढचे पाय वर करून त्यातच बांधले, म्हणजे ते झुडपांत अडकत नाहीत, आणि टोकाला काठी. डोकं पुढे ठेवून ओढायचं, केसांच्या कलानं, म्हणजे बर्फावरून सरकतं. काठीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. चाळीस पावलं आणि थांबायचं. आम्ही दोघं साठीच्या आसपासचे, पहिल्या चढालाच घाम. दुसऱ्या थांब्याला तो म्हणाला, “चौकातल्या बारमध्ये हरणांची नोंदणी आहे. पहिल्या दिवशी शिकारखात्याचा वॉर्डन तिथेच बसतो.” मी म्हणालो, “बसू दे.” “चिठ्ठी काढून टाक. हरीण कॅम्पवर टांगू. कोणी येत नाही बघायला.” “चोरून?” “मग काय करणार?” “तिच्या नावावर नोंदवणार. वहीत तिचं नाव लिहून घेणार, दरवर्षी लिहितात तसं.” “ती नाहीये, नॉर्ब.”

“हे तू मला सांगतोस?” मी काठी टाकली. “तू? सहा आठवडे ती घरी कोचावर पडून होती. एकदा आलास? पाच तासांचा रस्ता. ती दारावर बेल वाजली की मान उचलायची. मी प्रत्येक वेळी सांगायचो, लायल नाही, पोस्टमन आहे, लायल नाही, मिसेस कोवाल आहे. तू आलास ते चर्चमध्ये. चांगला कोट घालून.”

लायलचं तोंड लाल होतं ते आणखी लाल झालं. “आलो होतो.”

“खोटं बोलू नकोस.”

“सप्टेंबरातल्या कामगार दिनानंतरच्या गुरुवारी. तू कामावर होतास. तिनंच तू नसतानाची वेळ दिली. तीन तास बसलो. अंडी तळून दिली तिला, खाल्ली नाहीत. जाताना म्हणाली, नॉर्बला सांगू नकोस तू येऊन गेलास. तू आलास म्हटलं की त्याला कळेल निरोप घ्यायला आलास. त्याला अजून माहीत नाहीये.” त्यानं नाक बाहीला पुसलं. “आणि कचऱ्याच्या डब्यातून तो अर्ज काढायला लावला मला. कॉफीचा चोथा लागला होता त्याला. तिनं सही केली, मी पोस्टात टाकला. म्हणाली, माझं नाव निघालं तर तो जाईल. त्याच्या नावानं तो जाणार नाही. मला वाटलं निघणार थोडंच आहे. तीन वर्षं निघालं नव्हतं.”

मी दोर उचलला आणि एकटाच ओढू लागलो. पंधरा पावलं गेलो असेन. मला माहीत होतं. हे त्या दोघांपैकी कोणाला समजलं नाही की मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, डॉक्टरनं दारातच सांगितलं होतं, आणि तिला कळू नये म्हणून मी रोज संध्याकाळी बूट काढताना शिट्टी वाजवायचो. मला शिट्टी वाजवायला आवडत नाही. सहा आठवडे मी तिच्यासाठी शिट्टी वाजवली आणि ती माझ्यासाठी ती ऐकत पडून राहिली, आणि भावाला म्हणाली, त्याला अजून माहीत नाहीये. दोन माणसं एका घरात, एका कोचाच्या दोन टोकांना, आणि सगळा वेळ असा वाया घालवला. आणि त्यातही तिनं माझी सोय लावून ठेवली, मी कुठे जायचं, काय मारायचं. मला विचारलं नाही. मला इतका राग आला तिचा की मी मोठ्यानं शिवी दिली, तिला, नाव घेऊन. लायलनं ऐकली. तो मागून आला, काठीचं दुसरं टोक धरलं, आणि आम्ही ओढू लागलो. रस्त्यापर्यंत दर चाळीस पावलांना थांबलो. तो मोजत होता, मला ऐकू येत होतं.

बारच्या आवारात ट्रकची रांग होती, प्रत्येकात एखाददुसरं हरीण, माणसं हातात ब्रँडी घेऊन दुसऱ्यांच्या ट्रकमध्ये डोकावत होती. तीन वाजले असतील. मार्सेला नोंदणीची वही घेऊन बाहेर उभी होती, कानाला पेन्सिल, हातात पत्र्याचा बिल्ला कानात ठोकायची पक्कड. बार तिचाच. आम्हाला ती वीस वर्षं ओळखते, वर्षातून एकदा. ट्रकच्या मागच्या फळीवरून ती वाकली, चिठ्ठी वाचली, आणि तिचं तोंड उजळलं. “निघाला का शेवटी तिचा मादीचा नंबर! कुठाय ती? आत बोलव तिला, ब्रँडी माझ्याकडून. मागच्या वर्षी मला म्हणाली होती, मार्सेला, मरायच्या आधी अजून एक तरी मादी.” तिनं वही उघडली आणि लिहायला लागली. मी बघत होतो. अर्लीन. प. र. तिचं अक्षर गोल होतं. मला एवढंच पाहिजे होतं. आणखी काही अक्षरं आणि मी गाडी चालू केली असती.

वॉर्डन जवळ आला. तरुण होता, नवीन, मिशी नीट उगवलेली नव्हती. उद्धट नव्हता. प्रत्येक ट्रकपाशी विचारत होता तेच त्यानं विचारलं. “मारलं कोणी?” “मी,” मी म्हणालो. “आणि परवाना बायकोचा. हरकत नाही. मारताना त्या हाकेच्या अंतरावर होत्या?”

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी लायल बोलला. “होती,” तो म्हणाला, अगदी सहज. “यानं हाक मारलेली मी स्वतः ऐकली. तिथेच तर होती ती, नेहमीच्या जागी. थंडी वाजत होती म्हणून कॅम्पवर थांबली.” वॉर्डननं मान हलवली. मार्सेलाची पेन्सिल पुढे सरकली. लायलनं माझ्याकडे बघितलं नाही. त्याचा जबडा तेवढा हलत होता. बहिणीच्या नावासाठी तो सरकारी माणसाशी खोटं बोलला होता, आयुष्यात बोलला नसेल असा सरळ माणूस तो. मी त्याचे आभार मानायला पाहिजे होते. मला डोळ्यांपुढे ती बादली दिसली, तिच्यावरची बर्फाची टोपी, आणि कॅम्पवर कोणी तरी शेगडीपाशी पाय शेकत बसलंय असं त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं होतं, आणि आवारातले सगळे ते खरं मानत होते, मार्सेला मानत होती, आणि मला आता गाडी वळवून त्या रिकाम्या खोलीत जायचं होतं.

“नव्हती,” मी म्हणालो.

“नॉर्ब,” लायल म्हणाला.

“नव्हती हाकेच्या अंतरावर. मी हाक मारली. ती आली नाही. ती मेली. ऑक्टोबरच्या नऊ तारखेला, रविवारी, पहाटे. पोटाचा कॅन्सर. दाखला पाहिजे असेल तर शिक्क्याचा आहे गाडीत, चार प्रती आहेत.”

मार्सेलानं पेन्सिल उचलून घेतली. वहीत अर्धं नाव तसंच राहिलं. वॉर्डनचं तोंड पोरासारखं झालं. तो “माफ करा” म्हणाला, आणि थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, आणि मग त्यानं जे करायला पाहिजे तेच केलं. मी त्याच्या जागी असतो तर मीही केलं असतं. म्हणाला, हरीण ठेवून घ्यावं लागेल, मांस गावातल्या वृद्धाश्रमाला जाईल, तुमच्यावर दंडाचा कागद होईल, पण मी काय घडलं ते लिहीन. लायल त्याला शिव्या देऊ लागला. मी त्याला म्हणालो, “पुरे.” वॉर्डननं कानातली चिठ्ठी कापली आणि पाकिटात घातली. मग टॉर्च काढला. वृद्धाश्रमाला पाठवायचं तर मांस बघून घ्यावं लागतं. त्यानं फासळ्या दोन हातांनी फाकवल्या आणि आत उजेड टाकला, वर मानेपर्यंत, मग खाली, शेपटीकडे. बराच वेळ बघितलं. आजूबाजूचे दोघं-तिघंही वाकून बघू लागले. कोणी तरी हलकेच शिट्टी घातली.

“आज पहाटेपासून तीस बघितली,” वॉर्डन म्हणाला. “असं एक नव्हतं. साफ कोणी केलं?”

लायल माझ्याकडे बघत होता. मार्सेला बघत होती, वही छातीशी धरून. कोटाच्या खिशात पावाची पिशवी होती आणि तिच्यातलं हृदय अजून पुरतं गार झालं नव्हतं. तिचं नाव माझ्या जिभेवर आलं, सव्वीस वर्षं याच आवारात, याच प्रश्नाला मी देत आलो ते उत्तर.

“मी,” मी म्हणालो. फार मोठ्यानं म्हणालो असणार, कारण बारच्या दारात उभी असलेली माणसं वळून बघू लागली.